पाच मिनिटांची तलफ आणि एक मिस्ड कॉल

तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या चित्राजवळच एक फोन नंबर असतो, हे मात्र रोज पुडी संपवणाऱ्यालाही बऱ्याचदा ठाऊक नसतं. १८००-११-२३५६. १ सप्टेंबर २०१८ पासून हा नंबर पाकिटावर छापणं सक्तीचं झालं. म्हणजे साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीत मार्केट यार्डाबाहेर जी टपरी तंबाखू विकते, तीच ती सोडवणाऱ्याचा नंबरही हातात ठेवते. सुटी विडी घेणाऱ्याला तो मिळत नाही. मावा तर प्लास्टिकच्या तुकड्यात घोळून येतो; त्यावर ना चित्र, ना नंबर.

हा नंबर लावला की पलीकडून समुपदेशक बोलतो. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ही सेवा सुरू झाली. २०१८ मध्ये मुंबईचं टाटा मेमोरियल, बंगळुरूचं निम्हान्स आणि गुवाहाटीचं बरुआ कॅन्सर इन्स्टिट्यूट इथेही तिची केंद्रं उघडली. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. ही सेवा सुरू झाली त्याच वर्षी, म्हणजे २०१६ मध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याहून साधी एक सोय केली होती. ०११-२२९०१७०१ या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि मग काही आठवडे तंबाखू सोडायला मदत करणारे मेसेज येत राहायचे. ‘एम-सेसेशन’ असं त्याचं नाव. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना यांचा त्यात हात होता. फुकटात निरोप पोहोचवायची मिस्ड कॉलची आपली जुनी युक्ती आरोग्य खात्याने अशी उचलली, याचं कौतुक करायला हवं.

मेसेजवर तंबाखू सुटते हे ऐकून पारावरची मंडळी हसतील. त्याला जोडून ‘श्वासाकडे लक्ष द्या, तलफेकडे नुसतं बघा’ असं कुणी सांगितलं तर जास्तच हसतील. पण गेल्या वीस वर्षांत जगभर या दोन्ही उपायांवर भरपूर संशोधन झालं. एकाचा उपयोग होतो याचा बऱ्यापैकी भक्कम पुरावा मिळाला. दुसऱ्याचा अजून मिळालेला नाही. तरीही दुसरा टाकून द्यावा असं वाटत नाही. का, ते कळायला आधी तलफ समजून घ्यावी लागते.

त्याआधी एक खुलासा. जगातलं बहुतेक संशोधन सिगारेटवर झालेलं आहे आणि सातारा-सांगलीचा प्रश्न सिगारेटचा नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या लोकांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेतात. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के. तोंडात धरणारे, चघळणारे, दाताला लावणारे २४.४ टक्के; दोन्ही करणारे दोन्हीकडे मोजलेले. पुरुषांत एकूण प्रमाण ३५.५ टक्के, बायकांत १७. ‘धूम्रपान निषिद्ध’ची पाटी एसटी स्टँडवर जागोजागी दिसते. तिच्याखालच्या बाकावर बसून तळहातावर तंबाखू मळणाऱ्याला ती पाटी आपल्यासाठी आहे असं वाटत नाही, आणि तसं वाटण्यात त्याची काही चूक नाही.

या पट्ट्यात तंबाखू बाहेरून आलेली परकी गोष्टही नाही. विडीच्या तंबाखूचा ‘निपाणी भाग’ म्हणून जो ओळखला जातो, त्यात बेळगाव जिल्ह्याबरोबर कोल्हापूर, सांगली आणि सातारा येतात. भावासाठी याच निपाणीत १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी रस्ता अडवला, गोळीबार झाला, माणसं मेली. ज्या पिकासाठी लोकांनी प्राण दिले, ते पीक घरात पाप म्हणून कोण बघणार? दारू पिणाऱ्याला घरचे लोक पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात किंवा डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात उभ्या केलेल्या ‘परिवर्तन’मध्ये नेतात. तंबाखू खाणाऱ्याला कुणी कुठे नेत नाही. माळ घातली की मटण सुटतं, दारू सुटते, तंबाखू राहते. उपवासाला साबुदाण्यात कोथिंबीर चालते का यावर वाद घालणारं घर फराळानंतरच्या चिमटीबद्दल अवाक्षर काढत नाही.

आता तलफ. विडी-सिगारेटच्या झुरक्यातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं. गालात धरलेल्या तंबाखूतलं सावकाश चढतं, पण जास्त वेळ टिकतं. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं आणि हात पुन्हा खिशाकडे जातो. व्यसन किती मुरलंय हे ओळखायला डॉक्टर एक साधा प्रश्न विचारतात: सकाळी उठल्यावर पहिली तंबाखू किती वेळाने? पाच मिनिटांच्या आत असेल तर मामला अवघड. आपल्याकडे ‘त्याशिवाय पोटच साफ होत नाही’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खोटं बोलत नसतात. निकोटिनने आतडी हलतात हे खरं आहे. सोडल्यावर आठवडा-दोन आठवडे तो त्रास होतो, त्यावर पाणी, भाजी-फळं आणि सकाळचं चालणं हा उतारा असतो.

सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोप मोडणं, डोकं न लागणं. दोन ते चार आठवड्यांत हे सगळं ओसरतं. आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. तिला तंबाखू दिली तरी ती जाते, न दिली तरी जाते. दर वेळी तिची मागणी पुरवल्यामुळे, न पुरवता ती जाते हे बघायची वेळच माणसावर आलेली नसते.

तलफेचा निम्मा भाग रसायनाचा, तर उरलेला निम्मा दिवसाच्या घडीचा असतो. चहा झाला, तंबाखू. जेवण झालं, तंबाखू. गाळप हंगामात कारखान्यावर नंबर लावून उभ्या ट्रॅक्टरच्या रांगेत रात्र काढायची, तंबाखू. अनोळखी माणसाशी बोलणं काढायचं तर ‘तंबाखू आहे का?’ यासारखी सोय नाही. पुडी सोडायची, नखावर चुना घ्यायचा, अंगठ्याने मळायचं, दोन थापट्या मारून भुकटी उडवायची, चिमूट गालात ठेवायची. हे सगळं दोन-तीन मिनिटांचं काम आहे आणि तेवढा वेळ मजुराला मुकादमही काही बोलत नाही. ‘जरा बसतो’ म्हटलं तर तो कामचुकार ठरतो, ‘जरा तंबाखू मळतो’ म्हटलं तर चालतं. तंबाखू सोडणाऱ्याचा हा विसावाही जातो. व्यसनमुक्तीच्या बहुतेक पत्रकांत या नुकसानीचा हिशेब नसतो.

इथे सजगतेचा विचार कामाला येतो. तलफ आली की तिच्याशी भांडायचं नाही आणि तिचं ऐकायचंही नाही. ती शरीरात कुठे आहे ते बघायचं. तोंडाला पाणी सुटलंय का, हिरडी मागतेय का, जबडा आवळलाय का, छातीत ओढ आहे का, अंगठा आपोआप तळहातावर फिरतोय का. मनात म्हणायचं, ‘ही तलफ.’ श्वास येतोय, जातोय, तिकडेही लक्ष ठेवायचं. ती वाढते, थोडा वेळ टिकते, उतरते. जी. अॅलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यासाठी समुद्राच्या लाटेचं उदाहरण दिलं होतं. सांगलीकराला समुद्राची गरज नाही. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ४० फुटांची इशारा पातळी ओलांडतं, ४५ ची धोका पातळी गाठतं, तेव्हा सगळं शहर फुटाफुटावर नजर ठेवून असतं. पाणी हाताने मागे ढकलायला कुणी जात नाही. पातळी बघायची, काठापासून दूर राहायचं, उतार लागायची वाट बघायची.

या पद्धतीचा जगभरचा प्रवास महाराष्ट्रातून गेलेला आहे. मंडाले इथे १९२४ साली जन्मलेले सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात विपश्यना शिकले, १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. सांगलीकरांना जवळचं केंद्र म्हणजे हातकणंगले तालुक्यातल्या आळते इथलं धम्मालय. दहा दिवसांच्या शिबिरात विडी-सिगारेटच नव्हे, तंबाखू खायलाही मनाई असते. १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजारावर कैद्यांचं शिबिर झालं. त्याची कीर्ती अमेरिकेत पोहोचली आणि सिअॅटलजवळच्या एका तुरुंगात तशीच शिबिरं भरू लागली. मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कैद्यांचा अभ्यास करून २००६ मध्ये दाखवलं, की शिबिर केलेल्यांनी सुटकेनंतरच्या तीन महिन्यांत दारू, गांजा आणि क्रॅक कोकेन इतरांपेक्षा कमी घेतलं. तंबाखू त्यात नव्हती. दरम्यान जॉन कबाट-झिन यांनी १९७९ पासून मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात धर्माचं नाव न घेता हेच तंत्र रुग्णांना शिकवायला सुरुवात केली होती. आज पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत इंग्रजी नावाने जे शिकवलं जातं, ते तिकडून फिरून आलेलं.

सिगारेटवर हे तंत्र पहिल्यांदा नीट तपासलं गेलं तेव्हा आकडे चकित करणारे होते. संशोधक जडसन ब्रूअर यांनी २०११ मध्ये ८८ जणांवरचा अभ्यास छापला. निम्म्यांना सजगतेचं शिक्षण दिलं, निम्म्यांना अमेरिकेतला सिगारेट सोडवण्याचा नेहमीचा अभ्यासक्रम. १७ आठवड्यांनी पाहिलं तर पहिल्या गटातले ३१ टक्के सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्यातले ६ टक्के. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? पण ८८ ही संख्या लहान. पुढे हेच तंत्र मोबाइल अॅपमधून तपासलं, तेव्हा सहा महिन्यांनंतर सिगारेट सोडणाऱ्यांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. एवढंच दिसलं, की अॅप वापरणाऱ्यांत तलफ आली की सिगारेट पेटलीच, ही साखळी सैल झाली होती. २०२२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २१ अभ्यास आणि ८ हजारांवर माणसं एकत्र तपासली. निष्कर्ष असा, की सजगतेने इतर उपायांपेक्षा जास्त लोक सिगारेट सोडतात असं ठामपणे म्हणता येत नाही.

मेसेजचं तसं नाही. ब्रिटनमध्ये ‘टेक्स्ट टु स्टॉप’ नावाचा प्रयोग ५,८०० लोकांवर झाला आणि २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सहा महिन्यांनी लोकांच्या लाळेची तपासणी केली. नुसता शब्द धरला नाही. मेसेज मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के लोकांनी सिगारेट सोडली होती, सोडण्याशी संबंध नसलेले मेसेज मिळालेल्यांपैकी ४.९ टक्के. दुप्पट. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यानेही मेसेजच्या बाजूनेच कौल दिला. भारताच्या ‘एम-सेसेशन’मध्ये वीस लाखांवर लोकांनी नाव नोंदवलं आणि चार ते सहा महिन्यांनंतर विचारलं तेव्हा सरासरी ७ टक्क्यांनी तंबाखू सोडल्याचं सांगितलं. ओढणारे आणि खाणारे, दोघांतही जवळपास तेवढंच प्रमाण.

शंभरात सात. ऐकायला फारच थोडे. पण नुसत्या मनोनिग्रहावर एका प्रयत्नात सोडणारे शंभरात तीन ते पाच असतात, हे लक्षात घेतलं आणि मिस्ड कॉलला काय खर्च येतो याचा विचार केला, तर हा आकडा वाईट नाही. अर्थात हे सात टक्के लोकांनी स्वतः सांगितलेले आहेत. ‘सोडली’ म्हणणाऱ्याच्या उशाखाली पुडी असू शकते.

मेसेज का चालत असावा? माहिती मिळते म्हणून नव्हे. तंबाखूने कॅन्सर होतो हे न कळलेला माणूस या जिल्ह्यांत शोधून सापडणार नाही. मेसेज चालतो तो वेळेमुळे. ब्रिटनच्या प्रयोगात तलफ आली की एक ठरलेला शब्द पाठवायचा, लगेच उत्तर यायचं. घसरलात तर त्यासाठी दुसरा शब्द होता. डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतो, तलफ दिवसातून पंधरा वेळा. त्या पाच मिनिटांत जो हजर असेल तोच उपयोगी, आणि खिशात पुडीशेजारी दुसरं जे काही असतं, ते म्हणजे फोन.

यावरून पुढची पायरी सुचते: सजगता शिकवायची आणि तिची आठवण मेसेजने करून द्यायची. अमेरिकेत अॅटलांटा इथे जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या क्लेअर स्पिअर्स यांनी नेमकं हेच करून पाहिलं. २०१९ मध्ये छापलेल्या त्यांच्या पहिल्या प्रयोगात ७१ जण होते, बहुतेक कृष्णवर्णीय आणि कमी उत्पन्नाचे. आठवड्याला एक असे आठ वर्ग सगळ्यांनी केले. काहींना दोन वर्गांच्या मधल्या दिवसांत मेसेजही आले. ७१ माणसांवरून काही सिद्ध होत नाही, पण कल्पना पटण्यासारखी आहे. वर्गात डोळे मिटून बसलेल्या माणसाला तलफ त्रास देत नाही. ती गाठते टपरीसमोर, आणि तिथे वर्गातलं काही आठवायचं तर कुणीतरी आठवण करून द्यावी लागते.

सातारा-सांगलीसाठी असे मेसेज कुणी लिहायला घेतले, तर ते कसे असावेत? ‘एम-सेसेशन’ सुरू झालं ते हिंदी आणि इंग्रजीत. ‘आपण धूम्रपानाचा त्याग करण्याचा संकल्प केल्याबद्दल अभिनंदन’ असला सरकारी थाट इथे चालणार नाही. मजकूर बोलल्यासारखा हवा, आणि त्या माणसाच्या दिवसाला धरून. उदाहरणार्थ, दुपारी दीड वाजता: ‘जेवण झालं असेल. अंगठा फिरायला लागला का? फिरू द्या. पुडी मात्र उघडू नका. जीभ कुठे जातेय ते बघा.’ किंवा संध्याकाळी: ‘पारावर कुणीतरी हात पुढे करेल. नको म्हणायला कारण लागत नाही. बडीशेप घ्या आणि पाच मिनिटं तिथेच बसा.’ किंवा, घसरलेल्यासाठी: ‘एक चिमूट खाल्ली. ठीक. ती खाताना काय वाटलं, चव कशी लागली, ते मात्र बघून ठेवा.’ हा शेवटचा सल्ला विचित्र वाटेल, पण ब्रूअर यांच्या पद्धतीचा तो गाभाच आहे. त्यांच्याकडे लोकांना सिगारेट लक्षपूर्वक ओढायला सांगतात, आणि वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांना तिची चव पहिल्यांदाच किळसवाणी लागते. चुना जास्त झालेली तंबाखू लक्ष देऊन चघळून पाहावी.

नुसत्या मेसेजवर किंवा श्वासावर विसंबून राहू नये, हेही सांगायला हवं. ज्याला उठल्या उठल्या तंबाखू लागते, त्याला बहुधा औषधाचा आधार लागेल. निकोटिनच्या २ मिलिग्रॅमच्या च्युइंगम गोळ्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. त्या नेहमीच्या च्युइंगमसारख्या सतत चावायच्या नसतात: थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचं. ज्याने आयुष्यभर गालात चिमूट धरली, त्याला हे शिकवायला लागत नाही. याहून जोरकस गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. सातारचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय असो वा सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय, सरकारी दवाखान्यात तंबाखूविषयी विचारायला लाजू नये. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर मेसेजची वाट न बघता आधी तोंड दाखवून यावं.

या सगळ्यात बायका कुठे आहेत? महाराष्ट्रातल्या दर सहा बायकांमागे एक तंबाखू घेते, आणि आपल्या भागात त्यातल्या पुष्कळ जणी मिश्री लावतात: तव्यावर काळी भाजलेली, कुटलेली तंबाखू, सकाळी दात घासायच्या निमित्ताने बोटावर घेतलेली. निमित्त दाताचं, मात्रा निकोटिनची. तिला मेसेज पाठवायचा तर कुणाच्या फोनवर? अनेक घरांत बाईचा असा वेगळा फोन नसतो. असला तर मेसेज नातू वाचून दाखवतो. आजीच्या मिश्रीची गोष्ट मग घरभर होते. पुरुष चारचौघांत तंबाखू मळतो, ती कोपऱ्यात पाठ करून मिश्री लावते, म्हणून तिची तलफ मोजायला आणि तिच्याशी बोलायला वेगळी वाट लागणार. ती वाट तयारच आहे. गावात आशाताई आहेत, बचत गटाची बैठक ठरल्या दिवशी भरते. बैठकीत दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून श्वासाकडे लक्ष देऊन बसायचं आणि मग एकीच्या फोनवरून १८००-११-२३५६ लावून स्पीकर सुरू करायचा, एवढ्याने सुरुवात होते. लाईन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. सोमवारी ती बंद, म्हणून बैठकीचा वार सोमवार असेल तर तो बदलून घ्यावा.